चौऱ्याहत्तर दिवसांचा पाऊस

१

ते पत्र नऊ वर्षांपूर्वी आलं होतं. साधं पाकीट, शाईचं ठसठशीत अक्षर, आणि आत जेमतेम चार ओळी:

"साहेब, पंपघराच्या केंद्रावरची माझी पावसाची मोजणी खोटी ठरवली असं कळलं. खोटं कुठे आहे ते दाखवा. दाखवलंत तर मान्य करीन. उत्तराची वाट पाहतो."

उत्तर लिहायला सरासरीसाहेब सहा वेळा बसले होते. पहिला मसुदा फार कडक झाला, दुसरा फार मऊ. तिसऱ्यात आकडेमोड इतकी आली की स्वतःलाच वाचवेना. सहावा मात्र बरा जमला होता. पण तो पुन्हा वाचताना आपला निष्कर्ष तरी बरोबर आहे का, अशी शंका आली आणि कागद टोपलीत गेला. दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. पत्र मात्र घरी आलं आणि वाचायला घेतलेल्या एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात मुक्काम हलवत राहिलं.

हवामान कचेरीत सगळे त्यांना 'सरासरीसाहेब' म्हणत. एकतर ते सांख्यिकी विभागात होते, आणि दुसरं म्हणजे कुणी काहीही विचारलं तरी ते कधी एका टोकाचं उत्तर देत नसत. चहा कसा झालाय, या प्रश्नालाही त्यांनी एकदा "नेहमीच्या आसपास" असं उत्तर दिलं होतं.

मंगळवारी सकाळी त्यांची धाकटी बहीण पुस्तकांच्या खोलीत डोकावली.

"दादा, दारात एक बाई आलीय. तुलाच विचारतेय. पत्ता चुकली असेल, तरी बघून घे."

दारात सांख्यिकी विभागाची आताची प्रमुख उभी होती. बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागली होती. तिने खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली आणि बसता बसताच सांगितलं:

"सर, पंपघराच्या केंद्राची एक नोंदवही दप्तरखान्यातून गायब आहे. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या होत्या. आता तीस आहेत."

"कुठल्या सालची?" त्यांनी विचारलं, पण कुठल्या सालची ते त्यांना विचारण्याआधीच कळलं होतं.

"तुम्ही खोटी ठरवलीत त्या सालची. आपण सगळ्या प्रदेशाचं नवीन मॉडेल करतोय. कुठल्या भागात, कुठल्या महिन्यात, किती पाऊस व्हायची शक्यता आहे, ते. केंद्रांची यादी शुक्रवारी बंद होते. एक वर्ष संशयाचं आणि त्याची मूळ वहीच नाही, म्हटल्यावर समिती ते केंद्रच वगळणार. एकतीसच्या एकतीस वर्षं."

"मोजणारे गृहस्थ..."

"आहेत अजून. ऐंशीच्या पुढे." तिने पिशवीतून एक कागद काढून पुढे केला. त्यावर केंद्राच्या नावापुढे 'अविश्वसनीय' असं लिहिलं होतं. खाली सही होती. "सही तुमची आहे, सर."

२

तिच्याबरोबर कचेरीत जाताना त्यांनी ती जुनी गोष्ट मनात पुन्हा मांडून पाहिली.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि दशांशापर्यंत लिहितात. बारा पूर्णांक तीन, चार पूर्णांक आठ, असा. आता तो शेवटचा आकडा कुणाच्याच हातातला नसतो. तो कधी सम येणार, कधी विषम, साधारण निम्मे-निम्मे. पंपघराच्या वह्यांत वर्षानुवर्षं तसंच होतं. फक्त त्या एका हंगामात पावसाच्या चौऱ्याहत्तर दिवसांच्या चौऱ्याहत्तर नोंदी होत्या, आणि शेवटचा आकडा एकदाही विषम नव्हता. एकदाही नाही. नाणं चौऱ्याहत्तर वेळा उडवावं आणि दरवेळी छापाच पडावा, तसं. असे आकडे आभाळातून पडत नाहीत, कुणीतरी बसून लिहितं. म्हणून त्यांनी सही केली होती.

पण एक खडा तेव्हापासून दाताखाली येत होता. पंपघर दरीत होतं, आणि तिथे शेजारच्या पाच केंद्रांच्या सरासरीच्या तीनपंचमांश पाऊस पडत असे, वर्षानुवर्षं. त्या खोट्या हंगामातही तो तीनपंचमांशच होता. शेजारी ज्या दिवशी मुसळधार, त्याच दिवशी इथे जोर. शेजारी उघडीप, तर इथेही उघडीप. घरबसल्या आकडे रचणाऱ्याला हे जमावं कसं? आकडे खोटे होते आणि पाऊस मात्र खरा दिसत होता. हे उत्तरात कसं लिहायचं ते त्यांना सुचलं नव्हतं.

विभागात पोचल्यावर त्यांनी घसा साफ केला. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याला तो बोलून दाखवणं त्यांना फार जड जाई.

"हे केंद्र गेलं तर... तुझं मॉडेल जास्त छान बसेल ना?"

"बसेल की," ती हसली. "म्हणजे वही मीच पळवली असेल, असं म्हणायचंय तुम्हाला. बोला, बोला, लाजताय काय? दरीतला तो कमी पाऊस सगळ्या समीकरणांना आडवा येतो. पण तो खरा असला आणि मी काढून टाकला, तर तिथल्या लोकांना मी कागदावरच भिजवून ठेवीन, सर. प्रत्यक्षात बसतील बिचारे कोरडे."

"वही शेवटची कधी दिसली?"

"तीन आठवड्यांपूर्वी. मी सगळ्या विभागांना कळवलं होतं की, आतापर्यंत वह्यांतले फक्त आकडे टंकले गेले, या खेपेला शेऱ्यांचा रकानाही टंकून घ्यायचा. त्या दिवशी वह्या मोजल्या, तेव्हा एकतीस होत्या. आठवड्याने टंकायला बसलो तर तीस."

"किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, एक भांडारबाबूंकडे." ती पुढे म्हणाली. "आणि आणखी एक गोष्ट आहे. त्याच आठवड्यात पंपघरवाल्यांची मुलगी इथे आली होती. वडिलांच्या वह्या बघू द्या म्हणाली. माझा फोन वाजला म्हणून मी बाहेर आले. ती दप्तरखान्यात अर्धा तास एकटीच होती."

३

भांडारबाबूंच्या खोलीत फडताळं छतापर्यंत गेली होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्याने ते दिसण्याआधी ऐकू येत. दोन महिन्यांनी त्यांचीही निवृत्ती होती.

"या, सरासरीसाहेब! आज इकडे कसा पाऊस पडला?"

"ती वही... तुम्ही ऐकलंच असेल."

"ऐकलं. पण मला पावसातलं काय कळतं? मला फक्त छत्री कळते. तीही चार वेळा हरवली."

सरासरीसाहेब हसले. मग काय विचारावं ते न सुचल्याने फडताळाकडे बघत राहिले. वरच्या खणात काचेची मोजपात्रं ओळीने उभी होती, अंगावर बारीक रेघा असलेली. पर्जन्यमापकात साठलेलं पाणी यात ओतायचं आणि रेघ वाचायची.

"ही दोन तऱ्हेची आहेत का?"

"दोन तऱ्हेची. मोठ्या नरसाळ्याच्या मापकाला हे जाडं, लहान नरसाळ्याच्या मापकाला हे बारीक." भांडारबाबूंनी दोन्ही उतरवून मेजावर ठेवली. हे त्यांचं राज्य होतं. "मोठ्या नरसाळ्यात पाणी दुप्पट पडणार, म्हणून याच्या रेघा तशा आखलेल्या. ज्याचं त्यालाच लागतं."

"त्या साली पंपघराला काही सामान गेलं होतं?"

भांडारबाबूंनी जुनी साठावही काढली, पण ती उघडलीच नाही. "एक मोजपात्र गेलं होतं. त्यांचं फुटलं होतं हंगामाच्या तोंडावर. मागितलं, पाठवलं. चुकीचं गेलं असतं तर त्यांनी बोंब नसती मारली?"

"हो, तेही खरंच," सरासरीसाहेब म्हणाले. कुणी ठामपणे बोललं की ते नेहमी असंच म्हणत.

बाहेर पडताना काहीतरी खुपत होतं; पण काय ते कळेना. फाटकापाशी पोचतात तोच बहिणीचा फोन आला.

"दादा, लवकर घरी ये. इथे एक बाई येऊन बसलीय. म्हणते, पंपघरवाल्यांची मुलगी. आणि मी तुझ्यावर चिडते त्यापेक्षाही जास्त चिडलेली आहे."

४

ती पन्नाशीची होती. पंपघराची नोकरी आणि पावसाची मोजणी, दोन्ही आता तिच्याकडे होतं. बहिणीने दिलेला चहा तिने न पिता निवू दिला होता.

"तुम्हीच ते," ती म्हणाली.

सरासरीसाहेबांनी पुस्तकांच्या ढिगाकडे बघत काहीतरी विचारलं.

"काय म्हणाले?"

"ती वही तुम्ही घेतलीत का, असं विचारतोय," बहीण मोठ्याने म्हणाली. "त्याला दुसऱ्याला काही विचारायचं म्हटलं की आवाज फुटत नाही. मनावर घेऊ नका."

"घेतली असती तर तुमच्या दारात आले असते? मी ती वाचायलाच गेले होते. सगळ्या होत्या, तीच नव्हती. केंद्र रद्द होणार असं काल कचेरीतून कानावर आलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही." तिने कप बाजूला सारला. "वर्षानुवर्षं आठच्या ठोक्याला बाहेर. ताप असो, काही असो. आणि आपण काय खोटं केलं, तेच त्यांना नऊ वर्षांत कुणी सांगितलं नाही. चोराला निदान आपण काय चोरलं ते माहीत असतं हो."

बहिणीने दादाकडे बघितलं आणि दादाने बुटांकडे.

"ते लिहायचे कसे?" त्यांनी विचारलं. "म्हणजे पाणी मोजलं, की लगेच वहीत?"

"लगेच वहीत. एका हंगामात तेवढं आधी भिंतीवर पेन्सिलीने लिहायचे आणि मग वहीत. आई किती ओरडायची, भिंतीची वाट लावलीत म्हणून."

"कुठल्या हंगामात?"

तिने बोटं मोजली आणि साल सांगितलं. तेच साल होतं.

"ती भिंत आहे अजून?"

"आहे की. पंपघराच्या आतल्या खोलीला रंग कोण देतंय?"

सरासरीसाहेब उठले. बहिणीने त्यांना इतक्या झटकन उठताना गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

५

पंपघर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पंपांची घरघर, आतल्या खोलीत एक मेज, एक खिडकी आणि पोपडे आलेली पांढरी भिंत. खिडकीबाहेर कुंपणात पर्जन्यमापक उभा होता. सरासरीसाहेबांनी आयुष्यभर पावसाचे आकडे पाहिले. पण ते आकडे जिथून येतात तो डबा इतक्या जवळून क्वचितच पाहिला होता. त्याचं नरसाळं लहान होतं.

भिंतीवर मेजाच्या उंचीवर पेन्सिलीने आकड्यांच्या उभ्या ओळी होत्या. कुठे ओल लागून पुसट झाल्या होत्या, तरी बऱ्याचशा वाचता येत होत्या. कचेरीतून आणलेला टंकलेल्या नोंदींचा कागद त्यांनी खिशातून काढला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्ही भिंत वाचा. मी कागद बघतो."

"सतरा पूर्णांक तीन," ती म्हणाली.

कागदावर होतं चौतीस पूर्णांक सहा.

"चार पूर्णांक एक."

कागदावर आठ पूर्णांक दोन.

"नऊ पूर्णांक सात. हे जुळत नाही का हो?"

कागदावर होतं एकोणीस पूर्णांक चार. सरासरीसाहेबांनी चष्मा खाली घेतला. भिंतीवर विषम आकडे होते. हवे तेवढे होते. कागदावर एकही नव्हता, कारण कुठल्याही आकड्याची दुप्पट केली की शेवटी समच येणार. हे शाळेतल्या मुलालाही सांगावं लागत नाही.

सकाळपासून काय खुपत होतं ते आता कळलं. पंपघराला काही सामान गेलं का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. चुकीचं गेलं का, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तो शब्द भांडारबाबूंनी आपणहून काढला होता.

भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"बाबा जागे झाले," ती म्हणाली. "घर मागेच आहे. भेटून चला ना."

सरासरीसाहेब दाराकडे सरकले. "नको. आज नको. आधी त्यांचं एक देणं आहे, ते देतो. मग येईन."

६

बुधवारी सकाळी विभागप्रमुखांच्या खोलीत तिघंच होते. भांडारबाबू दारालगतच्या खुर्चीवर बसले होते आणि आज जुडगा वाजत नव्हता.

"मी चुकतोय असं वाटलं तर मध्येच थांबवा," सरासरीसाहेबांनी सुरुवात केली. सवयच होती. पण नंतर ते थांबले नाहीत. "वही नऊ वर्षं जागेवर होती. तेव्हा कुणाला तिची भीती नव्हती, कारण त्यातले आकडे टंकून झाले होते. ती गायब झाली शेरे टंकायचे ठरल्यावर. म्हणजे पळवणाऱ्याला आकडे नको होते असं नाही, शेरा नको होता. आता शेरा कुणाला नडणार? पंपघरवाल्यांना नाही, त्यांनी स्वतःच लिहिलेला. विभागाला नाही; हिनेच तर शेरे वाचायचं काढलं. पंपघराचं नरसाळं लहान आहे. त्यांना पाठवलं मोठ्या नरसाळ्याचं मोजपात्र. त्यात ओतलं की पाऊस निम्मा दिसणार. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं असणार. म्हणून रोजचं वाचन भिंतीवर लिहायचं, त्याची दुप्पट करायची आणि ती वहीत. आणि आपण असं करतोय हे त्यांनी शेऱ्यात लिहिलं असणार. त्याशिवाय असा माणूस आकड्याला हात लावणार नाही."

"भिंतीवर कुणी नंतरही लिहील," भांडारबाबू पुटपुटले.

"लिहील ना," विभागप्रमुख म्हणाली. "म्हणून तर वही हवी. काका, कुठे आहे?"

भांडारबाबूंनी किल्ल्या बोटांनी चाचपल्या.

"साठावह्यांच्या खाली आहे," ते म्हणाले. "फाडायलाच नेली होती. फाडवेना. सगळा जन्म वह्या सांभाळण्यात गेला, वही फाडायची कशी ते हाताला माहीतच नाही."

ते स्वतःच जाऊन वही घेऊन आले. पहिल्याच पानावर, शेऱ्यांच्या रकान्यात, तेच ठसठशीत अक्षर होतं: 'नवीन मोजपात्र मोठ्या नरसाळ्याचे आले आहे. बदलून मिळेपर्यंत वाचन दुप्पट करून नोंदवत आहे. भांडारास कळवले.' पुढच्या महिन्यात पुन्हा 'कळवले.' त्याच्या पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा.

"तीन पत्रं आली होती," भांडारबाबू म्हणाले. "बारीक मोजपात्र एकही शिल्लक नव्हतं. मागवायला मीच विसरलो होतो. नाही म्हणून लिहायची लाज वाटली. म्हटलं, आलं की पाठवू, तेच उत्तर. मग पत्र जुनं झालं. जुन्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणजे आणखीच अवघड. पुढच्या हंगामात गुपचूप बदलून पाठवलं. त्या माणसावर बालंट आलं, ते मला फार उशिरा कळलं. आता जाता जाता बदनामी नको वाटली, बस."

सरासरीसाहेबांना त्यांच्यावर रागवायचं होतं. तशी दोन वाक्यंही त्यांनी वाटेत जुळवून ठेवली होती. पण जुन्या पत्राचं ऐकल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"एक विचारू, सर?" वही मिटत विभागप्रमुख म्हणाली. तिचा आवाज शिकाऊ असतानाचा झाला होता. "वही बघायची तेव्हा पद्धत नव्हती, ते कळलं. टंकलेला कागद यायचा, त्यावरच काम चालायचं. पण त्यांना विचारायचं का नाही? चौऱ्याहत्तर नोंदींत विषम आकडा का नाही, एवढंच."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. सरासरीसाहेबांनी तिकडे बघितलं, मग वहीकडे बघितलं.

"मला वाटलं, मी चुकलो असेन," ते म्हणाले. "चुकलोय का ते कळण्याची भीती वाटली."

तिने 'अविश्वसनीय' लिहिलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. त्यांनी आपल्या सहीवर रेघ मारली, कारण लिहिलं आणि खाली नवी सही केली. समितीच्या यादीत केंद्र पुन्हा लिहिलं गेलं, एकतीस वर्षांसकट. भांडारबाबूंनी काय केलं तेही तिने टिपणात लिहिलं. एक शब्द कमी नाही आणि एक शब्द जास्त नाही. भांडारबाबूंनी ते वाचून मान हलवली.

७

दुपारी जेवण आटोपल्यावर सरासरीसाहेब मेजाशी बसले. बहीण दारात येऊन उभी राहिली.

"ती मुलगी संध्याकाळी बाजाराला येणार आहे. तिच्याकडेच दे की चिठ्ठी. आजच पोचेल."

"पत्र टपालाने आलं होतं," ते म्हणाले. "उत्तर टपालानेच जाईल."

"आणि हा कितवा मसुदा?"

"पहिलाच."

बहिणीने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला आणि ती आत गेली.

त्यांनी लिहिलं:

"आपल्या पत्राला उत्तर द्यायला मला नऊ वर्षं लागली. आपण विचारलं होतं, खोटं कुठे आहे. त्या हंगामातल्या चौऱ्याहत्तर नोंदींत शेवटचा आकडा एकदाही विषम नव्हता, म्हणून मी त्या बनावट ठरवल्या. एवढं तेव्हाच लिहिलं असतं, तर आपण उलट टपाली एका ओळीत कारण सांगितलं असतं. मी विचारलं नाही. आपली मोजणी खरी आहे. निष्कर्ष माझा खोटा होता, आणि समितीला आज मी तसं लेखी दिलं आहे. आपण बोलावलंत तर भेटायला येईन. पंपघराची भिंत पाहिली. कृपा करून तिला रंग देऊ नये."

वाचून पाहायचा मोह झाला. वाचलं तर काय होईल ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी न वाचताच पाकीट चिकटवलं.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. तिच्यावर लिहिलं होतं की, टपाल चार वाजता निघेल. सव्वातीन झाले होते. त्यांनी पाकीट आत टाकलं, ते तळाला आपटल्याचं ऐकलं, आणि लगेचच 'आपण बोलावलंत तर' हे फार आगाऊपणाचं झालं असं त्यांना वाटायला लागलं. पेटीची फट तशी बऱ्यापैकी रुंद होती. त्यांची बोटं किडकिडीत होती.

त्यांनी दोन्ही हात मागे बांधले आणि ते पेटीशेजारी उभे राहिले. येणारे-जाणारे बघत होते. एकीने विचारलं, "आजोबा, कुणाची वाट बघताय?" ते नुसते हसले. ऊन पेटीच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेलं.

चारला पाच मिनिटं असताना टपालवाला आला. त्याने कुलूप उघडलं, मूठ मूठ पत्रं पिशवीत भरली आणि पेटी पुन्हा बंद केली.

"काही परत हवं होतं का, आजोबा?"

"नाही," सरासरीसाहेब म्हणाले.

टपालवाल्याने पिशवी खांद्याला लावली आणि तो वळणावरून दिसेनासा झाला. मग त्यांनी हात सोडले.